मेट्रो, ट्राम आणि रुझित्साचं बाकडं

जमिनीखालून मेट्रो काढावी की रस्त्यावरून हलकी रेल्वे, या प्रश्नावर बेलग्रेडमध्ये ज्याला मत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. दाढी करता करता न्हावी मत देतो, दात काढता काढता डॉक्टर देतो, आणि तोंड उघडं असल्यामुळे तुम्हाला उलट बोलता येत नाही. दोब्रिवोये त्रिफुनोविचला मात्र खरंच मत नव्हतं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. जगातल्या प्रत्येक नदीबद्दल आणि बहुतेक वाळवंटांबद्दल त्याला ठाम मत होतं. मेट्रोबद्दल त्याचं म्हणणं एवढंच, की ती त्याच्या लहानपणी येणार होती, त्याच्या लग्नाच्या वर्षी येणार होती आणि त्याची मुलगी लग्न करून नोव्ही सादला गेली तेव्हाही येणारच होती. पाहुणा इतकी वर्षं नुसता येणार येणार करायला लागला की त्याच्यासाठी कोणी कॉफी चढवत नाही.

दोब्रिवोयेला हवं होतं एक बाकडं.

त्याच्या इमारतीसमोर, लिपोवा गल्लीच्या तोंडाशी, बसचा थांबा आहे. तिथे लिपाच्या झाडाखाली पूर्वी एक बाकडं होतं. मग एकदा हेल्मेटवाले लोक आले, तीन पायांवर दुर्बीण उभी करून रस्त्याकडे बघत बसले आणि जाताना बाकडं घेऊन गेले. तात्पुरतं, म्हणाले. या शहरात कायमची गोष्ट एक वेळ हलते, तात्पुरती हलत नाही. बाकडं गेलं ते गेलंच.

दोब्रिवोयेला स्वतःला उभं राहायला काही वाटत नसे, पण त्याची बायको रुझित्सा, तिचा गुडघा! दर गुरुवारी ती बसने झेमुनला बहिणीकडे, कोविल्काकडे, जायची. पत्ते, केक आणि अख्ख्या खानदानाची उणीदुणी असा तो गुरुवार असे. बस आपल्या मर्जीने येणार आणि तोवर रुझित्साला उभं राहवणार नाही. टॅक्सीचं नाव काढलं तर म्हणायची, "मी काय आजारी आहे?" एकदा घडीचं स्टूल घेऊन जाऊन बघितलं. ती स्टुलावर टेकली न टेकली तोच एक गृहस्थ वाकून विचारता झाला, की बाई, आज विकायला काय आणलंय? त्या दिवसापासून ते स्टूल कपाटाच्या वर गेलं. पुढे पुढे ती म्हणायला लागली, की कोविल्काच हल्ली कंटाळवाणी झाली आहे, जाऊन करायचं काय. पण गुरुवार आला की ती केस नीट करायची, कानातलं घालायची आणि गॅलरीत बसून थांब्याकडे बघत राहायची. ते दोब्रिवोयेला बघवत नसे. म्हणून तो उठला आणि नगरपालिकेच्या कचेरीत गेला.

खिडकीपलीकडे स्नेझाना बसली होती. ती त्याचीच विद्यार्थिनी. पूर्व आणि पश्चिम यांची कायम अदलाबदल करायची म्हणून दोब्रिवोयेने तिला वर्षभर काठावर पास करत आणलं होतं. आता अख्ख्या भागाचा नकाशा तिच्या ताब्यात होता. तिने तो पसरला तेव्हा दोब्रिवोयेला दोन्ही हात मागे बांधून उभं राहावं लागलं, कारण नकाशा उलटा होता आणि तो सरळ करायचा मोह आवरत नव्हता.

लिपाच्या झाडावरून एक लाल रेघ गेली होती आणि एक हिरवी. लाल म्हणजे मेट्रो. मेट्रो झाली तर झाडाखाली जिना उतरणार. हिरवी म्हणजे हलकी रेल्वे, नव्या तऱ्हेची ट्रामच. ती झाली तर तिथे फलाट येणार. बाकडं कुठल्या खात्याने द्यायचं हे त्यावर ठरणार.

"मग काय होणार आहे? मेट्रो की रेल्वे?" दोब्रिवोयेने विचारलं.

"ते ठरलेलं नाही, सर."

"ठरेपर्यंत एक साधं बाकडं?"

"ठरेपर्यंत ती जागा कोणाचीच नाही, सर. कोणाचीच नसलेल्या जागेवर मी बाकडं कसं ठेवू?" मग तिला जुन्या मास्तरांची दया आली असावी. ती हळूच म्हणाली, की समिती लोकांचं मत मागवते आहे. तुमच्या गल्लीने एकमुखाने काहीही एक सांगितलं तर बाकडं त्या त्या खात्याकडे ढकलता येईल. काय सांगता याला महत्त्व नाही, सर, एक सांगा म्हणजे झालं.

एक सांगा! सर्बियन माणसांना जमवून त्यांच्याकडून एक सांगून घ्यायचं! जन्मभर भूगोल शिकवला, थोडा इतिहासही शिकवला असता तर दोब्रिवोये तिथूनच घरी परतला असता. पण त्याने इमारतीची सभा बोलावली.

सभा नेहमीप्रमाणे बंद पडलेल्या लिफ्टसमोर, जिन्यावर बसून भरली. तिसऱ्या मजल्यावरचा बुदिमिर आधी उठला. बुदिमिर बोगदे खणणारा इंजिनिअर. अर्ध्या जगात त्याने डोंगर पोखरले होते, फक्त स्वतःच्या शहरात त्याला कोणी फावडं लावू दिलं नव्हतं आणि हे दुःख त्याने गेली कित्येक वर्षं कडवट कॉफीसारखं घोट घोट पुरवलं होतं. तो म्हणाला, की ज्या शहराला मेट्रो नाही ते शहर नव्हे, मोठं खेडं आहे. वर मोटारी, गर्दी, पाऊस, मोर्चे काहीही असो, खाली गाडी निवांत धावते. दोब्रिवोयेला ते तंतोतंत पटलं. त्याने मान हलवली.

मग पहिल्या मजल्यावरची ल्युबिंका उठली. ही निवृत्त ट्रामचालक. तिचा आवाज अजून रुळावरच्या वळणासारखा कर्कश होता. "खाली निवांत धावते म्हणे! खाली उतरायचं कोणी? रुझित्साचा गुडघा उतरेल? सरकता जिना बसवतील, तो आठवडाभर सरकेल आणि मग साधा जिना होईल. ट्रामला काय, दार उघडलं, पाय ठेवला, आत! आणि खिडकीतून आपलं गाव दिसतं. माणसं घुशी आहेत का बिळातून जायला?" हेही दोब्रिवोयेला तंतोतंत पटलं. त्याने पुन्हा मान हलवली.

त्याची ही जुनी खोड. समोरचा बोलत असेपर्यंत त्याचंच खरं वाटायचं. वर्गात ही खोड खपून जायची, कारण तिथे तो स्वतःच बोलत असे.

ल्युबिंका आणि बुदिमिर एकमेकांशी थेट बोलत नसत. एका जिन्यावर राहून वर्षानुवर्षं ते तिसऱ्याला उद्देशून भांडत. आता त्यांना तो तिसरा मिळाला. आठवड्याभरात दरवाजाजवळ एक पत्रक चिकटलं: ‘मेट्रोच हवी! अध्यक्ष, नागरिक समिती: प्रा. दोब्रिवोये त्रिफुनोविच.’ दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरं: ‘रूळ हवेत, बिळं नकोत! अध्यक्ष: प्रा. दोब्रिवोये त्रिफुनोविच.’ तिकडे शाळेच्या मास्तरालाही प्रोफेसरच म्हणतात.

रुझित्साने दोन्ही पत्रकं चष्मा लावून वाचली.

"दोब्रो, तुला काय हवं होतं?"

"बाकडं."

"मग दोन्हीकडचा अध्यक्ष कशाला झालास?"

"मी झालो नाही. मान हलवली, तेवढ्यात त्यांनी केलं."

"मान तरी एकीकडे हलवायचीस," ती म्हणाली आणि गॅलरीत जाऊन बसली. तो गुरुवार होता.

मग फजितीचा पूर आला. बेकरीवाला मेट्रोवाला निघाला आणि दोब्रिवोयेला कालचा पाव द्यायला लागला. भाजीवाली ट्रामवाली निघाली. तिने विचारलं, की प्रोफेसर, तुम्ही जमिनीखालचेच शौकीन ना, मग बटाटेच घ्या. टीव्हीवाले आले. त्यांच्यातल्या एका मुलीने तोंडासमोर माईक धरला आणि विचारलं, भुयारातून की रस्त्यावरून? दोब्रिवोये म्हणाला, "मला विचाराल तर आधी बाकडं." संध्याकाळी बातम्यांत त्याच्या नावाखाली ‘वाहतूकतज्ज्ञ’ असं आलं आणि निवेदक गंभीर चेहऱ्याने म्हणाला, की तज्ज्ञांमध्ये आता तिसऱ्या पर्यायाचीही चर्चा सुरू झाली आहे. नोव्ही सादहून मुलीचा फोन आला, बाबा बरे आहेत ना? भीक नको पण कुत्रा आवर, अशी दोब्रिवोयेची गत झाली. रात्री अंथरुणावर पडून तो प्रामाणिकपणे विचार करायचा, की खरंच काय बरं? मेट्रो बरी, असं ठरत आलं की ल्युबिंकाचा आवाज ऐकू यायचा. ट्राम बरी म्हटलं की छतातून बुदिमिर खोकायचा.

अशात संत दिमित्रियेचा दिवस उजाडला. हा त्रिफुनोविच घराण्याचा संत, म्हणजे घरात स्लावा, कुलसंताचा सण. स्लावाचं आमंत्रण नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला परत पाठवणं हे पाप आहे. आणखी एक, त्या दिवशी यजमानाने बसायचं नाही. मेणबत्ती जळत असते आणि घरधनी दिवसभर उभा राहून वाढत असतो. दरवर्षी बुदिमिर दुपारी यायचा आणि ल्युबिंका संध्याकाळी. न बोलता ठरलेली व्यवस्था होती. या वर्षी मात्र आपल्या अध्यक्षाला विरोधी पक्षाच्या हाती एकटं सोडायला कोणी तयार नव्हतं. बुदिमिर दुपारी आला तो मेट्रोवाल्यांना घेऊन, आणि तो जिन्यावर दिसताच ल्युबिंका ट्रामवाल्यांना घेऊन आली. मागोमाग हातात फुलं घेऊन स्नेझानाही आली. जुन्या मास्तरांचं काम झालं नाही, हे तिच्या मनाला लागलं होतं.

प्रत्येकाने दारात ठेवलेल्या साखर-अक्रोडाच्या, प्रसादाच्या गव्हातला चमचाभर खाल्ला, क्रूसाची खूण केली आणि बसायला जागा शोधली. जागा नव्हती. शेजारच्या खुर्च्या आल्या, त्या संपल्या. तेव्हा ल्युबिंका खाली गेली आणि तिच्या ट्रामचा जुना लाकडी पट्ट्यांचा बाक दोघांकडून उचलून घेऊन आली. ट्राम भंगारात गेली तेव्हा तिने तो मागून घेतला होता. बाकाला पाय नव्हते. तो डब्याच्या भिंतीत बसवलेला असायचा. पुस्तकं रचून त्यावर ठेवला, तर डुगडुगायला लागला. बुदिमिरला एक वेळ ट्राम चालली असती, पण डुगडुगणारी वस्तू त्याला खपत नसे. तो दात खात तळघरात गेला आणि बोगद्याला टेकू देतात तसले दोन ओंडके घेऊन आला. "कोणीतरी त्या बाईंना सांगा," तो म्हणाला, "भार नेहमी खालून पेलावा लागतो." खिळे ठोकले गेले, बाक घट्ट बसला, आणि त्यावर सहा माणसं बसून कोबीच्या पानात गुंडाळलेला सारमा खायला लागली.

राकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, तिसऱ्या फेरीला भांडण रंगलं. बुदिमिर म्हणाला, जिना लिपाच्या झाडाच्या अलीकडे येतो. ल्युबिंका म्हणाली, त्यांना सांगा, तिथे तर फलाटाचा मध्य येतो. स्नेझानाने नकाशा आठवून सांगितलं, तर ती पुन्हा उलटं सांगते आहे हे फक्त दोब्रिवोयेला कळलं. शेवटी कोणीतरी म्हणालं, वाद कशाला, खाली जाऊन बघू. आणि सगळी पंगत उठून खाली गेली. म्हाताऱ्या मंडळींना उभं राहवत नाही म्हणून बाकही गेला.

दोब्रिवोये रिकाम्या घरात उभा राहिला. मेणबत्ती जळत होती. त्रिफुनोविच घराण्याच्या इतिहासात यजमानाला सोडून पाहुणे निघून जाण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. त्याला रडू यायचंच बाकी होतं. पण पाहुणे जिथे, तिथे वाढायला यजमान. त्याला दुसरं काही सुचेना. मेणबत्तीपाशी शेजारीण बसवून त्याने एका हातात गव्हाचं ताट घेतलं, दुसऱ्या हातात राकियाची बाटली, आणि तो खाली उतरला. मागून कठडा धरत धरत रुझित्साही उतरली.

थांब्यावर बुदिमिर खणत होता. मेट्रोचा जिना नेमका कुठे येणार याची खूण म्हणून त्याला बाक तिथेच गाडायचा होता. ल्युबिंकाही खणत होती, पलीकडच्या पायाशी. फलाटावरचा पहिला बाक कुठे असेल हे तिला जगाला दाखवायचं होतं. त्यांना सांगा, खड्डा अजून खोल हवा, बुदिमिर म्हणत होता. त्यांना सांगा, माझ्या बाजूला पाणसळ लावा, ती म्हणत होती. आपण दोघे मिळून एकच काम करतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि आणून देण्याइतका मूर्ख तिथे कोणी नव्हता. ओंडके जमिनीत गेले, माती ठोकली गेली, आणि रुझित्सा, जिला उभं राहवत नव्हतं, पहिली बाकावर बसली.

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं, गर्दी बघितली, दोब्रिवोयेच्या हातातलं ताट बघितलं. तो खाली उतरला, टोपी काढली, क्रूसाची खूण करून चमचाभर गहू खाल्ला, "स्लावाच्या शुभेच्छा, यजमान" म्हणाला आणि निघून गेला. दोब्रिवोयेला त्या दिवशी मिळालेला तेवढाच मान.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेझाना आली ती कचेरीच्या कामाने. बरोबर एक रंगाचा डबा आणि एक खिन्न साहेब. बाकडं विनापरवाना आहे, काढायला हवं, साहेब म्हणाले. काढायचं कोणी, असं दोब्रिवोयेने हताशपणे विचारलं. साहेबांनी नकाशा उघडला. मेट्रो झाली तर काढायचा अधिकार एका खात्याचा; हलकी रेल्वे झाली तर दुसऱ्याचा. ठरेपर्यंत जागा कोणाचीच नाही. साहेबांनी नकाशा मिटला. मग त्यांनी बाकड्याच्या पाठीवर पिवळ्या रंगाने लिहवून घेतलं: ‘निर्णय होईपर्यंत हलवू नये.’ जाताना स्नेझाना दोब्रिवोयेच्या कानाशी लागली. "सर, उद्या शुक्रवारी समितीची सुनावणी आहे. तुमच्या गल्लीवरच सगळं अडलंय. तुम्ही बोललात की ठरेल म्हणतात."

दोब्रिवोये घरी येऊन स्वयंपाकघरात बसला आणि हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. मेट्रो झाली तरी बाकडं जाणार. ट्राम झाली तरी बाकडं जाणार. गॅलरीतून त्याने खाली बघितलं. रुझित्सा कानातलं घालून बाकड्यावर बसली होती आणि कोविल्काला फोनवर सांगत होती, की मी निघालेय, केक कापू नकोस.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. पुकारणाऱ्याने दोब्रिवोयेचं नाव मेट्रोवाल्यांच्या वतीने पुकारलं, मग लगेच ट्रामवाल्यांच्या वतीने पुकारलं आणि गोंधळून कागद उलटा करून बघितला. दोब्रिवोये उठला. बुदिमिर एका बाजूने बघत होता, ल्युबिंका दुसऱ्या बाजूने. खोटं बोलायला तो तयार होऊन आला होता, पण त्याची गरज पडली नाही.

"बुदिमिर बोलतो तेव्हा मला मेट्रोच खरी वाटते," तो म्हणाला. "ल्युबिंका बोलते तेव्हा ट्राम. घरी गेल्यावर दोन्ही खरं वाटतं आणि पहाटे दोन्ही खोटं. मी जन्मभर पोरांना दिशा शिकवल्या, पण या बाबतीत उत्तर कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं असेल तर ठरवा. माझ्यासारखी स्थिती असेल, तर मंडळी, कशाला घाई करायची?"

समितीवरच्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो दोब्रिवोयेने फक्त तास बुडाल्यावर पोरांच्या तोंडावर पाहिला होता. अध्यक्षांनी खोल श्वास घेऊन जाहीर केलं, की प्राध्यापकांनी प्रश्नाची गुंतागुंत उत्तम मांडली आहे आणि निर्णय सखोल अभ्यासासाठी पुढे ढकलण्यात येत आहे. दोन्ही समित्यांनी दोब्रिवोयेला अध्यक्षपदावरून काढलं, एकमताने. लिपोवा गल्ली एकमुखाने काही बोलली ती ही पहिलीच वेळ.

आता गुरुवारी थांब्यावर गेलात तर बाकड्याच्या एका टोकाला बुदिमिर बसलेला दिसेल. मेट्रोची वाट बघतो. दुसऱ्या टोकाला ल्युबिंका, ती ट्रामची. मध्ये रुझित्सा, मांडीवर पिशवी. ती बसची वाट बघते, आणि एवढीच गोष्ट कधीतरी येते.

परवा बस आली तेव्हा रुझित्सा सावकाश उठली, दारात पाय ठेवला आणि मागे वळून बघितलं. दोब्रिवोये नेहमीप्रमाणे उभा होता.

"बस की आता जरा," ती म्हणाली. "आणि दोब्रो, दोघांनाही सांग. काही घाई नाही म्हणावं."